युरेनियमचे शेअर घेताय? विप्रोची आठवण काढून घेत असाल तर आधी या चुका टाळा

खान्देशात कुठलाही नवा शेअर गळ्यात मारायचा असला की अमळनेरचं नाव निघतं. १९४५ साली तिथे वनस्पती तेलाची कंपनी निघाली, पुढे तिचीच विप्रो झाली, आणि ज्या घरांनी ते शेअर विकले नाहीत त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं भलं झालं. गोष्ट खरी आहे, म्हणूनच ती इतकी चालते. आता तीच युरेनियमला जोडली जाते: ‘त्यांनी विप्रो धरून ठेवली, तुम्ही युरेनियम धरा.’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तेल-साबणाचा कारखाना संगणकाच्या धंद्यात शिरू शकला. खाण कंपनीला ती सोय नाही. जमिनीखाली जेवढं आहे तेवढंच तिचं भांडवल, ते रोज कमी होणार, आणि मालाचा भावही तिच्या हातात नाही. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडातल्या सिगार लेक या बांधकाम चालू असलेल्या खाणीत पाणी शिरलं. पुरवठा कमी पडणार या धास्तीने आधीच चढलेला भाव आणखी पेटला आणि २००७ च्या उन्हाळ्यात पाउंडाला १३० डॉलरच्या वर गेला. मग मंदी आली, २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पात अपघात घडला, आणि २०१६ च्या अखेरीस तेच युरेनियम २० डॉलरच्या खाली विकलं जात होतं. २०२४ च्या जानेवारीत भाव पुन्हा १०० च्या वर गेला, तरी २००७ ची उंची गाठली नाही. शिखरावर घेऊन ‘धरून ठेवलं’ असतं, तर सतरा वर्षांनीही मुद्दल सुटलं नसतं.

दुसरी चूक साधी, पण रोज होते. भारतात युरेनियमची खाण चालवणाऱ्या कंपनीचा शेअर शोधू नका, तो मिळणार नाही. झारखंडमधल्या जादुगुडाची आणि आंध्रातल्या तुम्मलपल्लेची खाण युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया चालवते. ती पूर्णपणे केंद्र सरकारची कंपनी आहे, शेअर बाजारात नाही. अणुभट्ट्यांची सुटी उपकरणं बनवणाऱ्या किंवा प्रकल्पांची बांधकामं करणाऱ्या कंपन्या बाजारात आहेत, पण त्यांचं नशीब युरेनियमच्या भावावर चालत नाही. २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज हे सरकारचं उद्दिष्ट खरं असलं, तरी त्यावरून कुणी एखादा शेअर ‘युरेनियमचा’ म्हणून सांगत असेल तर एकच विचारा: भाऊ, यांची खाण कुठे आहे?

सोनं, चांदी, धातूंचे सौदे होतात त्या एमसीएक्स या वायदे बाजारातही युरेनियमचा सौदा होत नाही. मोबाईलवर युरेनियमचं ‘मार्जिन ट्रेडिंग’, म्हणजे थोडी अनामत भरून मोठा सौदा, देणारं परदेशी ॲप दिसलं तर लांब राहा. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत परदेशी शेअरसाठी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण परदेशातल्या मार्जिनसाठी एक रुपयाही पाठवता येत नाही.

आता भावाबद्दल, कारण इथे शिकलेली माणसंही चुकतात. रावेर-सावद्याच्या केळीवाल्याला माहीत असतं की बोर्डावरचा भाव एक आणि बागेत व्यापारी मोजतो तो दुसरा. युरेनियमचंही तसंच. बातम्यांत येतो तो हजर बाजाराचा, म्हणजे स्पॉट भाव. वीज कंपन्या मात्र बराचसा माल कित्येक वर्षांच्या करारांनी घेतात. त्यामुळे स्पॉट दुप्पट झाला तरी खाण कंपनी जुन्या कराराच्या भावानेच माल देत असू शकते, आणि तिचा नफा जागचा हलत नाही. उलटही होतं: स्पॉट पडला तरी चांगले करार हातात असलेली कंपनी टिकते. शेअर घेण्याआधी वार्षिक अहवालात पाहा, किती माल करारात बांधलेला आहे, आणि कराराचा भाव ठरावीक आहे की बाजाराबरोबर हलणारा. शिवाय भाव पाउंडाचा असतो, किलोचा नाही. १०० डॉलर पाउंड म्हणजे किलोला सुमारे २२० डॉलर.

‘भट्ट्या वाढतायत, म्हणजे भाव चढणारच’ हेही अर्धंच खरं. पुरवठ्याकडे कुणी बघत नाही. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या युरेनियमपैकी सुमारे ४० टक्के एकट्या कझाकस्तानातून येतं. तिथली सरकारी कझाटॉमप्रॉम कंपनी किती काढते यावर बाजार डोलतो. तिथे जमिनीत आम्ल सोडून धातू विरघळवून वर काढतात. २०२४ मध्ये सल्फ्युरिक ॲसिडच्या टंचाईने तिला उत्पादनाचा अंदाज खाली आणावा लागला आणि भाव चढला. याच्या उलट उदाहरण कॅनडाच्या कॅमेको या खाण कंपनीचं. भाव परवडेना म्हणून तिने २०१८ मध्ये मॅकआर्थर रिव्हर ही जगातल्या सर्वांत समृद्ध खाणींपैकी एक बंद ठेवली, आणि २०२२ मध्ये पुन्हा चालू केली. भाव सुधारला की असा झोपलेला माल बाजारात परत येतो.

पैसे सर्वांत जास्त बुडतात ते छोट्या शोधकार्य कंपन्यांत. यांच्याकडे खाण नसते; जमिनीचा परवाना, थोडी भोकं पाडून काढलेले नमुने आणि देखणं सादरीकरण असतं. विक्री शून्य, खर्च चालू. मग पैसा कुठून? नवे शेअर छापून. समजा कंपनीचे १० कोटी शेअर आहेत, त्यातले १० हजार तुमचे. दोन वर्षांत कंपनीने आणखी १० कोटी शेअर विकले. युरेनियमचा भाव दीडपट झाला, पण त्या जमिनीतला तुमचा वाटा निम्म्यावर आला. म्हणून अशा कंपनीच्या तिमाही अहवालात मी आधी दोनच आकडे पाहायला सांगतो: हातात रोख किती, आणि तिमाहीला खर्च किती. रोख वर्षभर पुरणार नसेल तर नवे शेअर येणारच, त्यात शंका धरू नका. तिसरा आकडा गेल्या पाच वर्षांत एकूण शेअर किती वाढले याचा. ‘साठा’ हा शब्दही तपासा. नमुन्यांवरून बांधलेला अंदाज आणि काढून विकायला परवडेल असा सिद्ध साठा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

ज्यांनी आधीच घेतलंय आणि शेअर लाल दिसतोय, त्यांनी लगेच ‘ॲव्हरेज’ करू नये, म्हणजे पडल्या भावात आणखी घेऊ नये. आधी काय पडलंय ते शोधा. धातूचा भाव आणि सगळ्याच खाण कंपन्या एकदम पडल्या असतील, तर ते या बाजाराचं नेहमीचं चक्र आहे. पाच-सात वर्षं हात न लावता येणारा पैसा असेल तरच थांबा. धातू स्थिर आहे आणि तुमचीच कंपनी पडतेय, तर दोष कंपनीत आहे, तिथे आणखी पैसा ओतू नका. देशाचा धोकाही बघा: आफ्रिकेतल्या नायजरमध्ये २०२३ ला लष्कराने सत्ता घेतली, आणि २०२५ मध्ये तिथल्या सोमेर खाण कंपनीचं राष्ट्रीयीकरण जाहीर झालं. धातूवर विश्वास आहे पण कंपन्या पारखायला वेळ नाही, अशांसाठी प्रत्यक्ष युरेनियम साठवणारा टोरोंटोचा स्प्रॉट ट्रस्ट आणि अनेक कंपन्या एकत्र धरणारे ईटीएफ आहेत. चढउतार तिथेही सोसावा लागतो, पण एका कंपनीच्या भानगडीने सगळं जात नाही.

शेवटी कर, कारण आपल्याकडचे बरेच दुकानदार आणि अडते अंदाजे नफ्यावर आयटीआर ४ भरून मोकळे होतात. एकही परदेशी शेअर नावावर असेल तर आयटीआर १ किंवा ४ चालत नाही. परदेशी मालमत्तेचं ‘शेड्यूल एफए’ असलेला फॉर्म भरावा लागतो, शेअर विकला नसला तरी. त्यात हिशोब जानेवारी ते डिसेंबरचा धरतात, एप्रिल-मार्चचा नाही. छोट्या रकमांना दंडातून सूट असली तरी माहिती द्यावीच लागते. एरवी काळा पैसा कायद्यात १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. तेव्हा ३१ डिसेंबरचं होल्डिंग स्टेटमेंट ब्रोकरकडून जानेवारीतच डाउनलोड करून सीएकडे द्या.