वळवाचं आभाळ बघून चाड्यावर मूठ धरू नका

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडे मराठवाड्यात दरसाल तेच घडतं. दुपारी आभाळ भरून येतं, तासभर झोडपून पाऊस पडतो, ओढ्याला पाणी येतं. दोन दिवसांनी वापसा झाला, म्हणजे माती औत चालण्याइतकी सुकली, की ट्रॅक्टर, तिफणी पेरणीला शिवारात. आठ दिवसांनी तास उकरून बघावं तर सोयाबीनला मोड आलेला आणि जागेवरच करपलेला. दुबार पेरणीची वेळ आलेली जेवढी शेतं मी पाहिली, त्यातल्या बहुतेक ठिकाणी बियाणं चांगलं होतं. पाऊस कोणत्या ढगाचा, हे कुणी बघितलं नव्हतं.

वळवाचा ढग जमिनीच्या तापण्यातून होतो. तापलेली हवा वर जाते, वर थंड होते, तिच्यातल्या वाफेचे थेंब बनतात. थेंब बनताना सुटणारी उष्णता ढगाला आणखी वर ढकलते. फुलकोबीसारखा दिसणारा ढग दोन-तीन तासांत १२-१५ किलोमीटर उंच जातो आणि माथा ऐरणीसारखा पसरतो. पाऊस सुरू झाला की ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि वर चढणारा गरम झोत तोडते. म्हणून हा ढग तास-दीड तासात विरतो. बांधाच्या अलीकडे चिखल, पलीकडे धूळ, हे याचंच काम. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऊन.

मोसमी पावसाचं आभाळ वेगळं असतं. अरबी समुद्रावरून पश्चिमेचा वारा ओल आणतो. ढग खालच्या थरात, करडे, आभाळभर पसरलेले. गडगडाट कमी आणि पाऊस संथ. तो रात्रीही पडतो. माझा ठोकताळा असा: खालचे ढग सलग तीन दिवस पश्चिमेकडून पूर्वेकडे पळत असतील, वारा रात्रीही पडत नसेल आणि दुपारचा उकाडा मोडला असेल, तर पाऊस लागला समजा. ही कृषी विद्यापीठाची शिफारस नाही, बांधावर उभं राहून बसलेली खूण आहे.

विद्यापीठं आणि कृषी विभाग सांगतात ते असं: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. महसूल मंडळाचा पावसाचा आकडा तुमच्या शेताचा असेलच असं नाही. उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी ठेवा आणि रोज सकाळी पट्टीनं पाणी मोजा. १ सेंटिमीटर म्हणजे १० मिलिमीटर. शिवाय कुदळीनं वीतभर खणा. वरची ओल खालच्या ओलीला मिळालेली दिसली पाहिजे. मध्ये कोरडा थर असेल तर थांबा, कारण बी वरच्या ३-५ सेंटिमीटरात पडतं आणि तीच माती आधी वाळते.

हवामान खात्याचा अंदाज वाचतानाही घोटाळा होतो. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे फार तर चारातल्या एका ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. पेरणीसाठी ‘बहुतांश ठिकाणी’ हे शब्द सलग दोन-तीन दिवसांच्या अंदाजात यायला हवेत. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो वाचा.

मॉन्सून आला या बातमीवरही पेरू नका. २०२५ साली तो २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत आला, पण पुढे जूनमध्ये बरेच दिवस अडखळला. २०२३ साली बिपरजॉय चक्रीवादळामुळे त्याची चाल बिघडली आणि मुंबईत यायला २५ जून उजाडला. सोयाबीन आणि तूर १५ जुलैपर्यंत पेरता येते. घाई फक्त मूग-उडदाची, तो जूनअखेर किंवा फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

दुकानातून ‘वाण संपेल, आजच न्या’ असं ऐकाल. खताच्या पोत्यासोबत नको असलेली टॉनिकची बाटलीही गळ्यात मारतील. ती घेऊ नका. कोरड्यात पडलेलं बी कुठल्याही टॉनिकनं उगवत नाही. घरचं सोयाबीन असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० उगवले तर एकरी ३० किलो पुरतं.

सोयाबीनचं बाकीचं थोडक्यात:
- बीजप्रक्रिया: थायरम (बुरशीनाशक) ३ ग्रॅम प्रति किलो. नंतर रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), प्रत्येकी २५० ग्रॅम प्रति १० किलो. सावलीत सुकवणे.
- खोली ३ ते ५ सेंटिमीटर.
- अंतर ४५ बाय ५ सेंटिमीटर.
- शक्य तिथे रुंद वरंबा सरी, म्हणजे रुंद वाफ्यावर पेरणी आणि बाजूला सरी.

ज्यांनी पेरून टाकलंय आणि पावसानं ओढ दिलीय, त्यांनी तुषार (स्प्रिंकलर) संच असेल तर संध्याकाळी हलकं पाणी द्यावं. उगवलेल्या ओळीत कोळपं फिरवून भेगा बुजवाव्यात. युरिया टाकू नये. पीक मोडायच्या आधी पाच-सहा जागी झाडं मोजा, नांग्या (न उगवलेल्या जागा) भरून भागत असेल तर पीक ठेवा.

आणि ऐरणीचा माथा दिसला, गडगडाट ऐकू आला, की औत तिथंच सोडा आणि पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजेचा इशारा देतं, ते आजच मोबाईलवर घ्या, घरातल्या पोरांच्या मोबाईलवरही.