शेतातून ताटात : या धंद्यात येणाऱ्यांसाठी

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात आमचं लहानसं हॉटेल आहे. आजूबाजूच्या मळ्यांतून आणि वाड्यांवरून जे येतं तेच आम्ही रांधतो. हॉटेल मॅनेजमेंटची मुलं सुट्टीत येऊन हाताखाली काम करतात आणि जाताना हमखास विचारतात की असं स्वतःचं काढायचं तर सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

शिक्षण घ्याच. एनसीएचएम जेईई ही हॉटेल मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा देऊन सरकारी संस्थेत जागा मिळाली तर उत्तम. दादरची संस्था १९५४ पासून मुलं घडवते आहे. सुरी, स्वच्छता, खर्चाचा हिशेब तिथे पक्का होतो. पुढे दोन-तीन वर्षं मोठ्या किचनमध्ये काढा. गर्दीच्या वेळी डोकं शांत ठेवायची सवय दुसरीकडे कुठे लागत नाही.

मात्र कॉलेजात आधी पदार्थ ठरतो आणि मग मालाची यादी जाते. इथे माल आधी येतो. म्हणून माझा पहिला सल्ला असा की लांबलचक मेन्यूकार्ड छापूच नका. अमेरिकन शेफ अ‍ॅलिस वॉटर्स यांनी १९७१ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला ‘शे पनीस’ हे रेस्टॉरंट सुरू केलं, तेव्हा रोज एकच ठरलेलं जेवण आणि तेही दररोज बदलणारं, अशीच पद्धत ठेवली. आपल्या खाणावळी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या. आजची भाजी फळ्यावर लिहायची, ताट एक, भाव एक. कार्डावर पनीर आणि ढोबळी मिरची बारा महिने ठेवली की तुम्ही बाजार समितीच्या दारात उभे राहणारच, मग शेताचं नुसतं नाव उरतं.

माल ओळखायला शिकवणारी माणसं गावातच असतात. जूनमध्ये पाऊस लागला की कातकरी आणि ठाकर बायका शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन येतात. शेवळं नीट केली नाहीत तर घसा खाजतो. वरची पानं सोलायची, आतला पिवळा भाग कापून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर भरपूर परतायचं आणि काकडं ठेचून त्यांचा रस घालून शिजवायचं. काकडं म्हणजे त्याच दिवसांत रानात मिळणारी आंबट हिरवी फळं. बायका जुडीबरोबरच ती देतात. सोबत सोललेले वाल किंवा कोलंबी. ही सगळी रीत जुडी विकायला येणाऱ्या मावशींची. भाव त्या सांगतील तो द्यायचा. त्यासाठी त्या डोंगर चढून आलेल्या असतात, आणि तिथे घासाघीस करणाऱ्याने या धंद्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शेतकऱ्याशी बोलणं मात्र पेरणीच्या आधी झालं पाहिजे. बाजारासाठी मेथी करणारा अख्खा वाफा एकदम पेरतो आणि एकदम उपटून गाडीत भरतो. आपल्याला हवी असते आठवड्यातून दोनदा, थोडी थोडी. मेथी महिन्याभरात काढणीला येते, म्हणून दर आठ दिवसांनी एक वाफा पेरायला सांगा आणि तो वाफा आपण उचलणारच असा शब्द द्या. हॉटेल रिकामं गेलं तरी माल उचलायचा, पैसे त्याच दिवशी रोख. उधारीवर हे नातं टिकत नाही. वाफा उचलला की त्यातलं सगळं वापरायला शिका : मुळ्याचा पाला, बिटाची पानं, नवलकोलची कोवळी पानं. आकाराने वेडेवाकडे टोमॅटो सारासाठी तितकेच चांगले.

पैशांचं सरळ सांगते. कच्चा माल विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहिला तरच पगार, भाडं, गॅस निघतो. ग्राहक शनिवार-रविवारचा, मुंबई-पुण्याचा. त्यामुळे आगाऊ नोंदणी घ्या. किती ताटं लागणार हे आदल्या रात्री कळलं की पहाटेची तोड बरोबर होते. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी आहे, पण खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. फ्रीज, ओव्हन, भांडी घेताना तो कर तुमच्याच खर्चात धरा. अन्न परवाना पहिल्या ताटाआधी हातात हवा, आणि जागा शेतजमीन असेल तर तिथे हॉटेल चालवायला कोणती परवानगी लागेल याची चौकशी भाडेकरार करण्यापूर्वी तहसील कचेरीत करा. इथेच अनेकांचे पैसे अडकतात.

सुरुवात दिवाळीनंतर करा. भात निघालेलं असतं, जमिनीतल्या ओलीवर वाल पेरलेले असतात, पालेभाजी मुबलक मिळते. पुढे वालाच्या शेंगा, मग अलिबागचा पांढरा कांदा. हात बसायला चार-पाच महिने मिळतात. अवघड काळ उन्हाळ्याच्या अखेरीला येतो. विहिरी आटतात, आणि पुढे लावणी सुरू झाली की भाजी तोडायला माणूस मिळत नाही. नेमकी तेव्हाच धबधब्यांवर येणाऱ्यांची झुंबड उडते. म्हणून मे महिन्यातच आंबोशी, आमसुलं, सांडगे, पापड आणि बिरड्याचे कडवे वाल भरून ठेवा. डब्यांवर तारखा घाला, आणि पाऊस लागण्याआधी सगळ्याला एकदा कडक ऊन दाखवा.