मधुमेही मांजराचं वजन उतरवताना

बडोद्यातल्या मराठी घरांत मांजराला दूधभात घालायची जुनी सवय आहे. मधुमेह निघाला की तो त्याच दिवशी बंद. बाकी बदल मात्र सावकाश: कोरडे दाणे रोज थोडे कमी करत ७ ते १० दिवसांत कमी कर्बोदकांच्या ओल्या खाण्यावर आणायचं. हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण कर्बोदकं घटली की इन्सुलिनची गरजही झपाट्याने घटते. जुनाच डोस चालू राहिला तर साखर खाली जाते, मांजर झोकांड्या खातं, थरथरतं. तेव्हा हिरड्यांना मध चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.

साडेसहा किलोचं मांजर पाच किलोवर आणायचं असेल तर दिवसाला साधारण १९० कॅलरी पुरतात. पाकिटावरचा आकडा बघून त्या दोन जेवणांत विभागा. जेवण आधी, इन्सुलिन मग, १२ तासांच्या अंतराने. खाल्लं नाही तर नेहमीचा डोस टोचू नका, फोन करून विचारा.

आठवड्याला ३० ते ६५ ग्रॅम उतरलं की पुरे. बाळांच्या डिजिटल काट्यावर दर रविवारी, उपाशीपोटी तोला. उपास घडवणं मात्र घातकच! लठ्ठ मांजर एक-दोन दिवस जेवलं नाही तर चरबी यकृतात साचते आणि जिवावर बेततं.

नुसतं उकडलेलं चिकन रोज पुरत नाही, त्यात टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्य कमी पडतं. कांदा-लसूण तर विषच. मे महिन्यात ओलं खाणं अर्ध्या तासात उचला, आंबूस वास आला की मांजर तोंड फिरवतं.