फॉर्म एकदाच जमा व्हावा, पण सर्व्हरचे काम अडू नये

यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यात मोबाइलवरून कापूस विक्रीची नोंदणी करणारा शेतकरी बटण दाबतो, रेंज नसल्यामुळे पान हलत नाही, म्हणून तो पुन्हा दाबतो. यात त्याचा काहीच दोष नाही. एकाच सातबाऱ्यावर दोन नोंदी पडू न देणे ही फॉर्म बनवणाऱ्याची जबाबदारी आहे.

‘क्लिक होताच बटण डिसेबल करा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला कृपया पाळू नका. क्लिकच्या वेळीच बटण बंद केले, तर काही ब्राउझर फॉर्म पाठवतच नाहीत. शिवाय एखादा आवश्यक रकाना रिकामा असेल, तर फॉर्म जात नाही आणि बटण मात्र बंदच राहते. सबमिट इव्हेंटमध्ये, म्हणजे तपासणी होऊन फॉर्म पाठवला जाण्याच्या क्षणी, बंद केले तरी मोठा धोका उरतोच, कारण डिसेबल केलेल्या घटकाचे नाव आणि मूल्य ब्राउझर सर्व्हरकडे पाठवत नाही. समजा, फॉर्मवर ‘मसुदा ठेवा’ आणि ‘नोंदणी करा’ अशी दोन बटणे आहेत आणि कोणते दाबले यावरून सर्व्हर पुढचे काम ठरवतो. दाबलेल्या बटणाचे नावच पोहोचले नाही, तर सर्व्हर अर्ज मसुदा म्हणून ठेवून देऊ शकतो. शेतकरी नोंदणी झाली असे समजून निश्चिंत राहतो आणि खरेदी केंद्रावर गाडी घेऊन गेल्यावर त्याला यादीत नाव नसल्याचे कळते. दुहेरी नोंदीपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे आहे.

म्हणून बटणाला हात लावू नका. पहिल्या सबमिट इव्हेंटला फॉर्मवर ‘पाठवला’ अशी खूण ठेवा आणि खूण असताना आलेला दुसरा सबमिट प्रिव्हेंटडिफॉल्टने (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणारी जावास्क्रिप्ट आज्ञा) अडवा. ‘पाठवत आहोत, थांबा’ हा मजकूर बटणाशेजारी दाखवा. इनपुट प्रकारच्या बटणावरचा मजकूर हेच त्याचे मूल्य असते, त्यामुळे तो बदलला की सर्व्हरला भलतेच मूल्य जाते. बॅक करून परतणाऱ्यासाठी पेजशो इव्हेंटमध्ये, म्हणजे पान पुन्हा दिसताना, ती खूण पुसा.

खरा बंदोबस्त मात्र डेटाबेसमध्येच होतो. पान तयार करताना लपवलेल्या रकान्यात एक यादृच्छिक टोकन (त्या अर्जाची ओळखखूण) द्या आणि नोंदणीच्या तक्त्यात टोकनाच्या स्तंभावर युनिक इंडेक्स, म्हणजे तेच मूल्य दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम, लावा. गट क्रमांकावर तो लावू नका, कारण एकाच गटात कपाशी आणि तूर अशा दोन रास्त नोंदी असू शकतात. ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ ही पद्धत दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या की फसते. थेट घाला आणि इंडेक्सला अडवू द्या. टोकन नोंदीच्याच ओळीत असल्यामुळे नोंद फसली तर तेही वाया जात नाही. टोकन आधीच वापरलेले असेल, तर त्रुटी न दाखवता पहिल्या नोंदीचीच पावती दाखवा.

नोंद झाल्यावर 303 रीडायरेक्ट करा, म्हणजे ब्राउझरला पावतीच्या वेगळ्या पानाकडे वळवा; मग पान रिफ्रेश केले तरी फॉर्म पुन्हा जात नाही.

चाचणी घेताना ब्राउझरमध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करून प्रत्येक बटण दोनदा दाबा, नंतर जावास्क्रिप्ट बंद करून तेच करा आणि तक्त्यात प्रत्येक टोकनाची एकच ओळ, योग्य बटणाच्या नावासह, आली आहे का ते तपासा.