यानाच्या प्रोपल्शनमध्ये (इंजिन-इंधनाच्या कामात) नवे आहात? निदान या चुका टाळा

दर जुलैत नवी पोरं येतात आणि दर जुलैत कुणाच्या तरी हातात पांढरी टेफ्लॉन टेप दिसते. घरच्या नळाला ती उत्तम. थ्रस्टरच्या (यानाच्या छोट्या इंजिनाच्या) लाइनला गुंडाळलीत तर आपलं पटायचं नाही.

फ्लेअर फिटिंगमध्ये (पाइपांच्या जोडणीत) सील होतो तो शंकूसारख्या तोंडावर, धातूवर धातू दाबून. आटे फक्त ओढून धरतात. टेपने गळती थांबत नाही, लपते. एकदा पाण्याच्या फ्लो टेस्टनंतर आमचा व्हॉल्व्ह बंद केला तरी हेलियम गळत होता. व्हॉल्व्ह बदलला, तरी तेच. मग सेन्सरला शिव्या, सॉफ्टवेअरला शिव्या. नवव्या दिवशी व्हॉल्व्ह खोलून मायक्रोस्कोपखाली धरला, तर सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो तिथे, केसाएवढा पांढरा धागा. चाचणीच्या रिगवर कुणीतरी टेप लावली होती आणि फिल्टर ‘नंतर बसवू’ म्हणून राहिला होता. विचारलं तर म्हणे, “सर, पाणीच तर होतं!” तेव्हापासून लाइन सुटली की दोन्ही तोंडांना मी स्वतः कॅप लावतो. दुसऱ्याने लावली असेल तर काढून, आत बघून पुन्हा लावतो. लोक हसतात, हसोत.

दुसरी चूक: चेक व्हॉल्व्ह म्हणजे पक्का एकेरी रस्ता, हा समज. द्रव अडतो, पण वाफ महिनोन्‌महिने सीलमधून झिरपत राहते. जपानचं आकात्सुकी यान 7 डिसेंबर 2010 ला शुक्रापाशी पोचलं. इंजिन सुमारे 12 मिनिटं चालायचं होतं, अडीच मिनिटांतच थांबलं. ऑक्सिडायझरची (इंधन जाळायला लागणाऱ्या द्रवाची) वाफ इंधनाच्या बाजूच्या चेक व्हॉल्व्हपर्यंत पोचली, तिथे क्षार साचला, व्हॉल्व्ह नीट उघडेना. इंधनाचा दाब पडला, मिश्रण बिघडलं, इंजिन भलतंच तापलं. यान शुक्राभोवती गेलं ते बरोबर पाच वर्षांनी, तेही छोट्या थ्रस्टरच्या जिवावर. त्यामुळे ‘हा लॅच व्हॉल्व्ह (विजेच्या इशाऱ्यावर लाइन उघडणारा-बंद करणारा) काढला तर वजन वाचेल’ म्हणत कुणी ड्रॉइंग आणलं, की मी पेन्सिल देतो आणि म्हणतो, वाफ कुठे जाते ते काढून दाखव.

मंगळयानाचं मुख्य इंजिन सुमारे 300 दिवस निजलेलं होतं. 24 सप्टेंबर 2014 च्या, मंगळाच्या कक्षेत शिरण्याच्या खऱ्या कामाआधी, 22 तारखेला ते जेमतेम 4 सेकंद चालवून पाहिलं. अशा चाचणीला ‘इंधनाची नासाडी’ म्हणणारे मला आजही भेटतात.

हायड्राझिन, म्हणजे थ्रस्टरचं इंधन, साधारण 2 अंशांना गोठतं. ब्रॅकेटपाशी पाइप थंड पडतो, हीटर तिथेही हवा. आणि गोठलेली लाइन घाईने तापवू नका: पाण्याच्या उलट, हे वितळताना फुगतं आणि पाइप फोडतं.

टाकीतलं सगळं इंधन हाती येत नाही. थोडं तळाशी, थोडं पाइपांत राहतंच.

निर्वातातला आयएसपी (इंजिन इंधन किती कसून वापरतं त्याचा आकडा) जमिनीवरच्या टेस्टला लावू नका.

एककं? 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान हातचं गेलं ते पाउंड-सेकंद न्यूटन-सेकंद समजल्याने, 4.45 पटींचा घोळ. एक्सेलच्या प्रत्येक रकान्यावर एकक लिहा. ‘डोक्यात आहे, सर’ म्हणालात तर शीट परत.