लाखोळीची डाळ: विष काढा, जोड घाला

धानाच्या बांधीत उतेऱ्याची (धान उभं असतानाच ओलीवर बी फेकून घेतलेली) लाखोळी, म्हणजे खेसारी, झाली की डाळ घरचीच. तिच्यातलं ओडॅप नावाचं विष मेंदू-मज्जारज्जूच्या पेशींना मारतं, पाय आखडतात. गेलेली ताकद बहुधा परत येत नाही. मात्र ओडॅप पाण्यात विरघळतं.

1 वाटी डाळीवर 4 वाट्या उकळतं पाणी ओता, 2 तास झाका. पाणी फेकून द्या, वरणात तर मुळीच नको. डाळ धुऊन नव्या पाण्यात शिजवा. नुसतं भाजल्याने किंवा बेसन करून तेवढं विष निघत नाही.

सोबत भात किंवा ज्वारीची भाकर हवीच, कारण लाखोळीत कमी असलेलं मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) धान्यात मिळतं. वरून कच्चा आवळा किंवा लिंबू. त्यातलं क जीवनसत्त्व चेतापेशींना आधार देतं, शिजवल्यावर ते घटतं. महिनोन्महिने हीच डाळ मुख्य जेवण नको. बियाण्याला प्रतीक, रतन हे वाण घ्या, त्यांत ओडॅप कमी.