साठीनंतर झोप येत नाही? संध्याकाळी एवढं करून बघा

वय झालं की झोप कमी होतेच, असं म्हणून आपल्या घरांत हा विषय सोडूनच देतात. मग आजी तीन वाजता उठून बसते, आजोबा उजाडेपर्यंत कूस बदलत राहतात आणि दिवसभर चिडचिड. वयाने झोप हलकी होते हे खरंय, पण त्यावर काहीच करता येत नाही हे मला अजिबात पटत नाही. २००५ साली बंगळूरच्या एका वृद्धाश्रमातल्या ६९ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातल्या योग करणाऱ्या गटाने सहा महिन्यांनी सांगितलं की झोप साधारण दहा मिनिटं लवकर लागते आणि एकूण झोप तासाभराने वाढलीय. सहा महिने हं, चार दिवस करून सोडलं तर काही कळणार नाही.

बरेच जण सकाळी बागेत कपालभाती, भस्त्रिका असे जोरात श्वास घ्यायचे-सोडायचे प्रकार करतात आणि तेच झोपेसाठी पुरेल असं धरून चालतात. रात्रीच्या झोपेसाठी मात्र संध्याकाळचा, एकदम सावकाश योग लागतो, आणि त्यात कपालभाती, भस्त्रिका, सूर्यनमस्कार यातलं काहीच नको, त्याने अंगात तरतरी येते.

सुरुवात जेवणाआधी, सहा-सातच्या सुमारास. हात नसलेली, न हलणारी खुर्ची घ्या (प्लॅस्टिकची नको, सरकते), पाठ ताठ, तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले, टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. खांदे वर घेऊन मागे फिरवायचे, मान डावी-उजवीकडे वळवायची, गोल गरागरा नाही फिरवायची, त्याने चक्कर येते. मग घोटे फिरवा, गुडघा सरळ करून पाय लांब करा, प्रत्येक बाजूला पाच-सहा वेळा बास. ज्यांची हाडं ठिसूळ झालीत त्यांनी पुढे वाकायचं नाही आणि कंबर पिळायची पण नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी वज्रासनाच्या (गुडघे दुमडून टाचांवर बसण्याच्या) नादी लागू नये, कोणी कितीही आग्रह केला तरी.

त्यानंतर पलंगावर आडवं व्हा आणि पोटऱ्यांखाली दोन लोड किंवा घट्ट उशा घेऊन पाय वर ठेवा, दहा-पंधरा मिनिटं. हे विपरीत करणीचं सोपं रूप आहे. हे मी आवर्जून सांगतेय कारण रात्री तीनदा लघवीला उठावं लागणं हे झोपमोडीचं मोठं कारण असतं. दिवसभर खुर्चीत बसून पायात पाणी उतरतं, रात्री आडवं झालं की ते परत रक्तात येतं आणि लघवी वाढते. संध्याकाळीच पाय वर ठेवले तर त्यातलं बरंचसं झोपायच्या आधीच निघून जातं. हृदयाचा त्रास असेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं कुठलंही आसन नको.

उठताना सरळ उठायचं नाही. कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन बसा, मिनिटभर पाय खाली सोडून बसून राहा, मगच उभे राहा. बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांचं उठल्या उठल्या बीपी खाली येऊ शकतं आणि तोल जातो. रात्री टॉयलेटला उठतानाही हेच, आणि वाटेत नाईट लॅम्प हवाच.

झोपायच्या आधी भ्रामरी. ऐकायचं मशीन असेल तर काढून ठेवा. ओठ मिटलेले, दात एकमेकांवर दाबायचे नाहीत, नाकाने श्वास घ्यायचा आणि सोडताना भुंग्यासारखा हलका आवाज काढायचा, कपाळात आणि गालात कंप जाणवेल इतकाच. कानात बोटं घालायला खांदे दुखत असतील तर हात मांडीवर राहू द्या, चालतं. पाच-सात वेळा करा. मग अंथरुणात शवासन, गुडघ्याखाली उशी घेतली की कंबर छान मोकळी होते. मनात चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात म्हणून सोडणं लांबवायचं. श्वास कोंडून धरायचा नाही, बीपीवाल्यांनी तर मुळीच नाही. मोजताना दम लागला तर तीन आणि चार करा.

बाकीचं पण बघा, नाहीतर आसनं तरी काय करणार. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको, चारनंतर चहा नको, रात्रीची सिरीयल आणि मोबाईल झोपायच्या तासभर आधी बंद. सकाळी कोवळ्या उन्हात बसा किंवा चाला, त्याने शरीराला दिवस-रात्र नीट कळते. मुलासुनांना सांगायचं तर, आई-बाबांना नुसता व्हिडिओ पाठवू नका, पहिले काही दिवस शेजारी बसून बरोबर करा.

झोपेची गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरच हळूहळू कमी करतील. खूप घोरणं, झोपेत मध्येच श्वास अडकल्यासारखा होणं, रात्री पाय सतत हलवावेसे वाटणं, किंवा लघवीची गोळी रात्री घेतली जाणं, यातलं काही असेल तर आधी तपासून घ्या, योग सोबत चालू राहू दे.